रेल्वे पुढे वाढवावी की आहे त्या मार्गाची क्षमता वाढवावी? हरकती-सूचनांसाठी मदत हवी

शेवटचं_स्टेशन:

नमस्कार मंडळी. आमच्याकडच्या उपनगरी रेल्वेचा विस्तार आराखडा हरकती आणि सूचनांसाठी खुला झालाय. त्यात दोन पर्याय आहेत. ‘अ’ म्हणजे सध्याच्या शेवटच्या स्टेशनच्या पुढे नव्या वसाहतींपर्यंत एकेरी मार्ग आणि तीन नवी स्टेशनं. ‘ब’ म्हणजे शहराच्या बाजूला आणखी दोन मार्गिका, लांब फलाट आणि रेल्वे फाटकांच्या जागी पूल. पैसे एकाच पर्यायापुरते आहेत.

सुनावणीला जमलेले झाडून सगळे ‘अ’वाले. मीही नव्या वसाहतीतच राहतो, त्यामुळे मलाही तोच हवाय. पण परिशिष्टात एक वाक्य सापडलं आणि तेव्हापासून डोक्यात घोळतंय: “नव्या स्थानकांवरून गर्दीच्या वेळी सुटणाऱ्या गाड्यांची संख्या मुख्य मार्गावर उपलब्ध असलेल्या पाथवर अवलंबून राहील.” हे नेहमीचं सरकारी वाक्य आहे की यात काही मेख आहे? लेखी सूचनेत नेमकं काय विचारावं?

सरळरेघ:

डोळे मिटून ‘अ’ घ्या. जागा आज मोकळी आहे, पाच वर्षांनी तिथे इमारती उभ्या असतील. एकदा रूळ पडले की गाड्या आज ना उद्या येतातच. ‘ब’चं काय, शहरातली कामं कधीच संपत नसतात.

वेळापत्रकवाला:

मेख आहे, आणि चांगली जाड आहे. माझं नोकरीतलं आयुष्य गाड्यांची वेळापत्रकं आखण्यात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाथ म्हणजे रुळावरची गाडीची वेळेची जागा. दोन गाड्यांमध्ये तीन मिनिटांचं अंतर लागतं असं धरा. म्हणजे कागदावर तासाला 20 गाड्या. पण हा हिशेब सगळ्या गाड्या एकाच चालीने धावल्या तरच खरा. समजा धीम्या गाडीपेक्षा जलद गाडी त्याच टप्प्यात 12 मिनिटं वाचवते. मग धीमी सुटल्यावर जलद गाडीला 15 मिनिटं थांबवावं लागतं, नाहीतर ती वाटेत धीमीच्या शेपटीला येऊन अडकणार. त्या 15 मिनिटांत चार धीम्या गाड्या सोडता आल्या असत्या. थोडक्यात, एका जलद गाडीने स्वतःची एक जागा घेतली आणि वर चार खाल्ल्या.

आता तुमच्या नव्या स्टेशनांचे लोक लांबून येणार. त्यांना जलद गाडी हवी, आणि त्यात त्यांची चूक काहीच नाही. पण ती जलद गाडी शहराजवळच्या दोनच रुळांवरून, धीम्या गाड्यांच्या गर्दीतून काढायची कशी? मग दोनच वाटा उरतात. एक तर नव्या स्टेशनांना तासाला मोजक्या गाड्या, किंवा मधल्या स्टेशनांच्या गाड्या कापायच्या. मधल्या स्टेशनांवर मतदार जास्त, त्यामुळे काय होणार हे सांगायला वेळापत्रकवाला लागत नाही.

याहून कमी बोललं जातं ते शहरातल्या टर्मिनसबद्दल. गाडी आत येते, लोक उतरतात, चढतात, मोटरमन एका टोकाच्या केबिनमधून दुसऱ्या टोकाला जातो, सिग्नल मिळतो, गाडी बाहेर पडते. हे सगळं उरकून फलाट पुढच्या गाडीला मोकळा व्हायला 10 मिनिटं धरा. तुमच्या मार्गाच्या वाट्याला दोन फलाट असतील तर तासाला 12 गाड्या, बस. मार्ग 20 गाड्यांचा असला तरी 12च. शिवाय टर्मिनसच्या तोंडाशी येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या एकमेकींचा रस्ता कापतात, त्यात आणखी एखाददोन जातात.

म्हणून तर अनेक शहरांनी टर्मिनसच मोडीत काढायचा मार्ग धरला: दोन बाजूंचे उपनगरी मार्ग शहराच्या खालून बोगद्याने जोडायचे, म्हणजे गाडीला उलटं फिरावंच लागत नाही. म्युनिकने हे 1972च्या ऑलिंपिकआधी केलं, पॅरिसने 1977मध्ये आरईआर या उपनगरी रेल्वेचे दोन मार्ग शातले-ले-हाल स्टेशनात एकत्र आणले, झुरिकची एस-बान म्हणजे उपनगरी रेल्वे 1990ला सुरू झाली. त्याचीही किंमत मोजावी लागते. म्युनिकच्या जवळजवळ सगळ्या फांद्या एकाच खोडातून, म्हणजे शहराखालच्या त्या एका बोगद्यातून जातात, तिथे गर्दीच्या वेळी तासाला 30 गाड्या प्रत्येक दिशेला. खोडात कुठे काही अडलं की साऱ्या प्रदेशाची सकाळ बिघडते. दुसऱ्या खोडाचं काम 2017मध्ये सुरू झालं आणि ते या दशकात पुरं व्हायचं नाही.

सांगायचं कारण, उपनगराच्या टोकाला किती गाड्या मिळतील हे शहराच्या पोटात ठरतं. नकाशावर मात्र लोकांचं बोट नव्या रेघेवर जातं.

शेवटचं_स्टेशन:

काका, पोटात गोळा आला वाचून. म्हणजे ‘अ’ नकोच? इथे लोक तर राहायला आलेत, येतच आहेत. आणि तो एकेरी मार्ग, “पुढे दुसरा रूळ टाकण्याची तरतूद” असं लिहिलंय, ते बरं नाही का?

वेळापत्रकवाला:

‘अ’ नको असं म्हणत नाही. ‘अ’ जसा लिहिलाय तसा नको.

एकेरी मार्गाचं गणित बघा. समोरासमोरच्या गाड्या फक्त लूप (बाजूला थांबायचा जोडरूळ) असलेल्या ठिकाणी एकमेकींना ओलांडू शकतात. दोन लूपमधलं अंतर नऊ मिनिटांचं असेल तर जायला नऊ, यायला नऊ, वर क्रॉसिंगची दोनचार मिनिटं. म्हणजे एका दिशेला 20 मिनिटांपेक्षा लवकर दुसरी गाडी नाही. तेही सगळं वेळेवर असेल तर. शहराकडून येणारी गाडी सहा मिनिटं उशिरा आली की लूपमध्ये उभी असलेली शहराकडे जाणारी गाडीही सहा मिनिटं लेट, आणि ती मुख्य मार्गावर पोचेपर्यंत तिचा पाथ निघून गेलेला. मग तिला कोणाच्या तरी मागे घुसवायचं. टोकाचा उशीर असा मधोमध येऊन बसतो.

“तरतूद” या शब्दावरही विसंबू नका. जमीन दोन रुळांची घेतलीय का? पुलांचे खांब दोन रुळांच्या रुंदीचे आहेत का? स्टेशनची इमारत दुसऱ्या रुळाच्या जागेत तर येत नाही ना? हे आराखड्याच्या आडव्या छेदात, म्हणजे मार्ग आडवा कापून रुंदी दाखवणाऱ्या चित्रात दिसतं. ते चित्र मागा.

पायीपायी:

रुळांचं काकांनी सांगितलं, मी स्टेशनबाहेरचं विचारतो. लोक स्टेशनपर्यंत येणार कसे? टोरोंटोची गो ट्रान्झिट 1967पासून गाड्या चालवते आणि तिच्या उपनगरी स्टेशनांभोवती मोटारींचे अवाढव्य तळ आहेत. सोय वाटते खरी, पण स्टेशनच्या दारातली सगळ्यात मोलाची जमीन दिवसभर उभ्या मोटारींना जाते. तळ सकाळी भरला की नंतर येणाऱ्याला स्टेशन असून नसल्यासारखं.

उलट उदाहरण पर्थचं. तिथून मँडुराह गावापर्यंतचा सुमारे 70 किलोमीटरचा मार्ग 2007च्या अखेरीस सुरू झाला आणि त्याचा मोठा भाग महामार्गाच्या मधोमध आहे. चालत यायला ही जागा वाईटच. पण तिथे बस थेट स्टेशनात आणली, बस-रेल्वेचं तिकीट एक ठेवलं. म्हणून सूचनेत विचारा की बसचे फलाट रेल्वेच्या फलाटापासून किती पावलांवर आहेत, आणि बस कोण चालवणार, कुठल्या पैशांतून. बहुतेक आराखड्यांत बसचा एक गोंडस निळा बाण असतो, त्यापुढे काही नाही.

सरळरेघ:

बस, तळ, लूप... असंच चालू राहिलं तर रेल्वे यायची कधी? माझा मुद्दा अजूनही जमिनीचा आहे.

वेळापत्रकवाला:

जमिनीबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. जमीन आजच घ्या, दोन रुळांची घ्या आणि कारशेडचीही घ्या. भांडण जमिनीवरून नाहीच, आधी बांधायचं काय यावरून आहे.

मी असतो तर ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही फोडून तुकडे केले असते. संपूर्ण जमीन आत्ता. रूळ फक्त पहिल्या नव्या स्टेशनपर्यंत, पण दुहेरी, आणि तिथे गाडी उलट फिरवायला पुरेसे फलाट. उरलेला पैसा ‘ब’मधल्या त्या तुकड्यांवर, जिथे खरोखर अडतं. माझा अंदाज, पहिला तुकडा फाटकांचा निघेल. एका गाडीसाठी फाटक दोनतीन मिनिटं बंद राहतं. दोन्ही दिशा मिळून तासाला 20 गाड्या झाल्या की रस्त्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही, आणि मग गाड्या वाढवायला पहिला विरोध रस्त्यावरच्यांकडून होतो. मेलबर्नने 2015पासून फाटकं काढायचा मोठा कार्यक्रम हाती घेतला, त्यामागे हेही कारण आहे.

मात्र ‘ब’ स्वस्तात आणि लवकर होईल असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. चालू मार्गाला चिकटून काम करायचं म्हणजे रात्रीचे दोनतीन तास आणि सुट्टीच्या दिवशीचे ब्लॉक (कामासाठी गाड्या बंद ठेवायची वेळ), एवढाच वेळ हातात. मुंबईतली ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका 2008मध्ये मंजूर झाली आणि 2022मध्ये पूर्ण झाली. अंतर पाहिलंत तर ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, एवढंच. त्यामुळे सूचनेत ब्लॉकचा हिशेब जरूर विचारा: किती वर्षं, आठवड्याला किती तास, आणि त्या काळात प्रवाशांची सोय काय.

आणि कारशेड. गाड्या रात्री कुठे झोपतात? सगळ्या शहराच्या टोकाला झोपत असतील तर तुमच्याकडची पहाटेची पहिली गाडी आधी रिकामी तुमच्यापर्यंत यावी लागेल. तिलाही पाथ लागतो, मोटरमन लागतो, वीज लागते. टोकाला चारपाच गाड्या उभ्या करायला जागा केली तर पहाटेचं अर्धं दुखणं तिथेच जातं. आराखड्यात ती जागा दिसली नाही तर मला आश्चर्य वाटणार नाही, कारण कोनशिलेला ती काही शोभत नाही.

बाकी सगळं विसरलात तरी एक मागणी सोडू नका: गर्दीच्या दोन तासांचं मसुदा वेळापत्रक. कुठली गाडी कुठून किती वाजता सुटणार, कुठे कोणाला ओलांडणार, शहरात कुठल्या फलाटावर लागणार. स्वित्झर्लंडने 1982मध्ये देशभर ठरावीक अंतराने गाड्या सुरू केल्या आणि 1987च्या सार्वमतानंतरचा सगळा विस्तार याच रीतीने आखला: आधी कुठल्या दोन शहरांत किती मिनिटांत पोचायचं ते ठरवायचं, मग तेवढ्यासाठी लागेल तोच बोगदा खणायचा. तुमच्याकडे उलटं चाललंय. बोगदे, पूल, स्टेशनं ठरली, वेळापत्रक “नंतर अवलंबून राहील”.

वेळापत्रक तयार नाही असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या.

शेवटचं_स्टेशन:

घेतो. मसुदा वेळापत्रक, आडवा छेद, ब्लॉकचे तास, गाड्या उभ्या करायची जागा, बसचे फलाट. वसाहतीतल्या लोकांना “रूळ फक्त पहिल्या स्टेशनपर्यंत” हे कसं सांगायचं ते मात्र कळत नाही. आमच्या इमारती तिसऱ्या स्टेशनशी आहेत.

वेळापत्रकवाला:

रागावतील, आणि त्यांचा राग रास्त आहे. त्यांना दोन आकडे शेजारी ठेवून दाखवा: तिसऱ्या स्टेशनवरून सकाळी तासाला मिळणाऱ्या गाड्या, आणि पहिल्या स्टेशनवरून बसने जोडून मिळणाऱ्या. पहिला आकडा तुम्हाला मसुदा वेळापत्रकाशिवाय मिळणार नाही, म्हणून आधी ते मागा. आणि परिशिष्टातला मार्गाचा आराखडा इथे टाकता आला तर टाका. लूप आणि क्रॉसओव्हर (एका रुळावरून दुसऱ्यावर जायचे सांधे) कुठे दाखवलेत ते बघून सांगतो.