मागणीवरून वस्तू करू लागल्यावर हातकामातला आनंद का ओसरतो?

प्रश्न : गच्चीवरचा सुतार (वडोदरा)

मी वडोदऱ्यातील एका खासगी कंपनीत हिशेब तपासण्याचे काम करतो आणि गेली काही वर्षे सुट्टीच्या दिवशी घराच्या गच्चीवर बसून लाकडाच्या पळ्या, डाव आणि उलथणी करतो. कचेरीत दिवसभर जुळवलेले आकडे दुसऱ्या दिवशी नव्या आकड्यांखाली गाडले जातात. पळी मात्र आमटीत उतरते, आणि तिचा दांडा आखूड झाला असेल तर स्वयंपाक करणारे माणूस ते त्याच दिवशी ऐकवते. कामाचा हा रोखठोकपणा मला आवडतो.

दिवाळीपासून ओळखीच्या लोकांनी पैसे देऊन संच मागवायला सुरुवात केली. हात आता पूर्वीपेक्षा सफाईने चालतो, पैसेही वाईट मिळत नाहीत. तरी करवत हातात घेताना जी ओढ वाटायची ती उरलेली नाही. याचे कारण पैसा आहे, की तीच तीच वस्तू पुन्हा पुन्हा करणे? मागण्या बंद करायची माझी तयारी आहे, पण आधी कारण समजून घ्यावेसे वाटते.

उत्तर : रावपुऱ्यातील निवृत्त निदेशक

पुनरावृत्तीला इतक्या लवकर दोषी धरू नये. आपल्यापासून फार लांब नसलेल्या, आता छोटाउदेपूर जिल्ह्यात गेलेल्या संखेड्याला एकदा जाऊन खरादी, म्हणजे लाकूड फिरते ठेवून घडवणाऱ्या, कारागिरांचे काम पाहा. खुर्चीचा सागाचा तोच पाय, तीच गोल घडण, वर्षानुवर्षे. परंतु लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबल्यावर घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळू लागते, तेव्हा किती जोर द्यायचा, कोणत्या क्षणी कांडी उचलायची आणि केवड्याचे पान कधी फिरवायचे हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते. कथलाची नक्षी अकीक दगडाने घोटून वर लाख चढवली की ती सोनेरी दिसते. घोटणी कमी पडली तर दिसत नाही. वस्तू तीच असली तरी निर्णय तोच नसतो.

सयाजीराव महाराजांनी १८९० साली वडोदऱ्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली आणि रसायनतज्ज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांच्यावर तिची जबाबदारी सोपवली, तेव्हा तिथे सुतारकाम, रंगकाम, विणकाम यांच्या जोडीला चित्रकलाही शिकवली जाई. (दादासाहेब फाळके यांनीही तिथे शिक्षण घेतले होते, हे वडोदेकरांनी प्रसंगी सांगितलेच पाहिजे.) हाताला वळण लावायचे तर डोळ्यालाही लावावे लागते, हे त्या योजनेत गृहीत होते असे मला वाटते. तुमच्या संचांत डोळ्याला काम उरले आहे का, हे तपासा. प्रत्येक फळीचा रेषा, म्हणजे तंतूंचा कल, वेगळा असतो. सगळ्या पळ्या हुबेहूब सारख्या हव्यात असा आग्रह असेल, तर लाकूड जिकडे नेते तिकडे न जाता तुम्हाला त्याच्याशी भांडत राहावे लागत असेल.

उत्तर : माहेर इंदूर, सासर वडोदरा

निदेशक काकांचे म्हणणे मान्य करूनही मला पैशाबद्दल बोलायचे आहे, कारण हातकामाच्या गप्पांत तो विषय नेहमी मागच्या दाराने निसटतो. महेश्वरच्या मागांवर ताणा लावण्यापासून साडी उतरेपर्यंत किती कष्ट असतात ते मी माहेरच्या ओळखींमुळे जवळून पाहिले आहे. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशभरात सुमारे ३५ लाख विणकर आणि साहाय्यक कामगार नोंदले गेले आणि त्यांपैकी बहुसंख्य विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५,००० रुपयांच्या आतच असल्याचे दिसले. पैसा आला की आनंद जातो, असे त्यांना कोणी सांगू धजणार नाही. त्यांचा आनंद पैसा न आल्याने जातो. तुमच्याकडे पगार आहे, म्हणून तुम्हाला हा प्रश्न पडू शकतो. तेव्हा पैसे जरूर घ्या आणि पुरेसे घ्या, नाहीतर तुमच्या स्वस्त पळीमुळे पोटासाठी पळ्या करणाऱ्याची किंमत पडेल.

उत्तर : फतेहगंजचा वाचक

२००८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे उपयोगी पडेल. लोकांना लेगोच्या तुकड्यांपासून बाहुले जोडायला दिले होते. प्रत्येक बाहुल्याला पैसे मिळत, पण दर उतरत जाई. काहींची तयार बाहुली समोर मांडून ठेवली, तर काहींची त्यांच्या डोळ्यांदेखत लगेच मोडून तेच तुकडे पुन्हा हातात दिले. पहिल्या गटाने सरासरी १०.६ बाहुली जोडली, दुसऱ्याने ७.२. पैसे दोन्हीकडे सारखे आणि पुनरावृत्तीही सारखीच. फरक होता तो केलेल्या वस्तूचे पुढे काय होते एवढ्याचाच. म्हणून मी उलट विचारतो : तुमचे संच शेवटी जातात कुठे?

प्रश्नकर्ता

हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. बहुतेक संच भिंतीवर टांगण्यासाठी घेतले गेले. एक तर नव्या उपाहारगृहाच्या सजावटीसाठी होता, आणि म्हणूनच सगळ्या पळ्या एका मापाच्या हव्या होत्या. त्यातली एकही पळी कोणाच्या आमटीत जाणार नाही. आता लक्षात येते की कडा घासताना मी ओठाला काय लागेल याचा विचार करणेच सोडून दिले होते.

उत्तर : रावपुऱ्यातील निवृत्त निदेशक

मग मागण्या बंद करण्याचे कारण नाही, निवडण्याचे आहे. शोभेचे काम करणे कमीपणाचे मुळीच नाही, संखेड्याचे निम्मे सौंदर्य शोभेचेच आहे. फक्त तुमचे मन त्यात दिसत नाही. पुढची मागणी घेताना कोणत्या भांड्यात, किती माणसांच्या स्वयंपाकाला आणि कोणाच्या हातात ही पळी जाणार आहे, ते आधी विचारा. भांड्याची खोली कळली की दांड्याची लांबी ठरते, हात पाहिला की मुठीची जाडी ठरते. वापरणारी व्यक्ती डावखुरी असेल तर कलत्या तोंडाच्या उलथण्याचा उतार दुसऱ्या बाजूला घ्यावा लागतो, तेही लाकूड कापण्यापूर्वीच विचारून घ्या.