खिशात एक रुपयाही न ठेवता नर्मदा परिक्रमा : कुणी केलीय का?

माणदेशी_58 :

नमस्कार मंडळी. मार्चअखेरीस एका सहकारी बँकेतून निवृत्त झालो. 31 वर्षं नोकरी, त्यातली 22 कॅश काउंटरवर. 8 नोव्हेंबर 2016 नंतरचे दिवस आठवत असतील सगळ्यांना. रात्री अकरापर्यंत नोटा मोजायचो. अंगठ्याची कातडी निघाली होती, आणि घरी आल्यावर जेवायला बसलो की हाताला त्या नोटांचा वास. तेव्हाच कुठेतरी मनात बसलं की काही महिने तरी या वस्तूला हात लावायचा नाही.

येत्या कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून पायी परिक्रमा उचलायची ठरवलंय. बायकोची ना नाही, फक्त मोबाइल जवळ ठेवायचा. मला मात्र पैसे अजिबात न्यायचे नाहीत. एटीएम कार्ड नाही, फोनमधलं यूपीआयही काढून टाकणार.

मुलगा इंजिनिअर आहे. तो परवा जेवताना म्हणाला, "बाबा, दीडशे दिवस लोकांचं खायचं आणि त्याला साधना म्हणायचं, हे कसं?" उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. ज्यांनी केलीय त्यांनी खरं काय ते सांगा. मैयाची कृपा वगैरे मला मान्यच आहे, पण रोजच्या व्यवहारात काय होतं ते ऐकायचंय.

---

रेवातटी :

दादा, नर्मदे हर. मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघींनी 2018 च्या कार्तिकात ओंकारेश्वरला संकल्प सोडला. मी जि. प. शाळेतून निवृत्त, ती शिवणकाम करते. शास्त्रातले तीन वर्षं तीन महिने तेरा दिवस आम्हाला कुठले जमायला! साडेचार महिन्यांत उरकली. नदी 1312 किलोमीटर, दोन्ही काठ धरले की हिशोब तुम्ही कराल, कॅशियरच आहात.

खाण्याची चिंता करू नका. सकाळी बालभोग, दुपारी कुणीतरी हाक मारून भोजनप्रसादी देतं, संध्याकाळी आश्रमात नाहीतर देवळात आसन लागतं. काही ठिकाणी शिजवलेलं मिळत नाही, सदाव्रत मिळतं. म्हणजे पंचाच्या टोकात कणीक, डाळ, मीठ, दोन मिरच्या. तीन दगड मांडायचे आणि टिक्कड थापायचे. माझे पहिले टिक्कड कुत्र्याने हुंगून सोडले, यावरून समजा.

पैसे नसल्यावर भुकेपेक्षा भलतंच काहीतरी अवघड जातं. "नको" म्हणता येत नाही. निमाड भागात एका दिवशी मी चौदा कप चहा प्यायले. मोजून चौदा. प्रत्येक दारातून "माताराम, चाय पीके जाव". आपण विकत घेणारे असतो तर म्हटलं असतं, साखर कमी घाला, नाहीतर आत्ता नको. इथे तो माणूस आपल्यासाठी चूल पेटवून बसलेला असतो. रात्री ॲसिडिटीने तोंडाला फेस यायची पाळी.

आता तुमच्या मुलाच्या प्रश्नाकडे येते. आम्ही धडगावच्या डोंगरातून गेलो. पूर्वी तिथल्या शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासींना अंगावरच्या कपड्यांसकट लुटायचे म्हणतात, आम्हाला कुणी बोटही लावलं नाही. एका पाड्यावर अंधार पडला. कुडाचं घर, एक पावरा आदिवासी बाई, दोन पोरं, नवरा ऊसतोडीला गेलेला. तिला मराठी फार येत नव्हतं, आम्हाला तिची बोली अजिबात नाही. तिने ज्वारीच्या भाकरी टाकल्या, आमचूर घातलेली आंबट डाळ वाढली. आम्ही दिवसभराच्या चालीने भुकावलेल्या, चार-चार भाकरी खाल्ल्या. वाढतच होती ती.

रात्री कशाने तरी जाग आली. घर्र घर्र. मला वाटलं पाऊस. बघते तर कोपऱ्यात चिमणी लावलेली आणि ती जात्यावर दळतेय. सकाळसाठीचं पीठ आम्ही रात्रीच संपवलं होतं. मी पडल्या पडल्या नुसती बघत राहिले, काय करावं सुचेना. जाऊ मात्र उठली, तिच्यासमोर जाऊन बसली आणि खुंट्याला हात घातला. ती बाई थोडी दचकली, मग सरकून जागा केली तिने. एकमेकींचा शब्द कळत नव्हता, पण खुंट्याला धरलेले दोन हात एका लयीत फिरत होते. मग मी जात्यात दाण्यांची वैरण घालायला बसले. जाऊ ओव्या म्हणायला लागली तेव्हा ती हसली. पीठ शेराच्या वर निघालं असेल.

त्यानंतर आम्ही एक केलं. जिथे आसन लागेल तिथे आधी हातात काहीतरी घ्यायचं. तांदूळ निवड, आश्रमाची भांडी घास, पोरं भेटली तर बाराखडी. जावेकडे सुई-दोरा होता, तिने किती साधूंच्या छाट्या शिवल्या देव जाणे. यातून फेड झाली असं मी म्हणणार नाही, फेड होत नसतेच. पण दारात उभं राहताना मान वर करता आली.

आता कबुली. विमलेश्वरला पोचलो की नर्मदेचं समुद्रमुख नावेने ओलांडून पलीकडच्या काठावर मिठीतलाईला जावं लागतं. नाव भरतीच्या वेळेवर सुटते आणि तिला पैसे लागतात. मी म्हटलं, बसू इथेच, मैया करेल काहीतरी. जावेने झोळी उलटी केली, अस्तर दाताने उसवलं आणि आतून 500 ची घडी काढली. घरूनच शिवून आणली होती, मला न सांगता. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "ताई, तुमच्या बीपीच्या गोळ्या भरू अंकलेश्वरला घेऊन आला होता, त्या फुकट होत्या का?" भरू म्हणजे माझा मुलगा. गाडीभाडं, गोळ्या, रजा, सगळं त्याच्या खिशातून. पैसा आमच्या प्रवासात होताच, फक्त आमच्या हातात नव्हता.

---

खुर्चीवाला :

काका, तुमच्या श्रद्धेबद्दल आदर आहे. पण पैशाशिवाय जगण्याचं कौतुक सुरू झालं की माझं डोकं जरा फिरतं.

माझे आजोबा परभणी जिल्ह्यातल्या एका गावात आयुष्याची पन्नास वर्षं पैशाशिवाय जगले. आम्ही न्हावी, बलुतेदार. वर्षभर गावाची दाढी-डोकी करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन उभं राहायचं. मालक देईल ते बलुतं. आजोबा सांगायचे, खळ्यावर रास पडली तरी आपण मागायचं नाही, बाजूला उभं राहायचं. मालकाचं लक्ष गेलं की पाटीभर ज्वारी, लक्ष गेलं नाही तर उद्या परत या. वर लग्नातली कामं, मयतातली कामं, पाटलाचे पाय चेपणं. याचा दर काय? दरच नव्हता. दर नसला की काम कुठे संपतं तेही ठरत नाही.

1972 ला खळीच ओस पडली. बलुतं नाही, पण दाढ्या चालू. आजोबा खडी फोडायला दुष्काळी कामावर गेले. तिथे आठवड्याला रोख पगार मिळाला. आजी सांगायची, त्या नोटा त्यांनी उशाखाली ठेवल्या आणि रात्रभर दोनदा उठून पाहिल्या. पुढे दोन वर्षांत तालुक्याला टपरी टाकली, लाकडी खुर्ची, आरसा, आणि पाटीवर खडूने दर : दाढी चार आणे. गावचा पाटील एकदा आला, बसला, उठताना सवयीने तसाच निघाला. आजोबांनी पाटीकडे नुसतं बोट दाखवलं. मला वाटतं त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस तोच असावा.

ज्यांची कामं याहून वाईट होती त्यांचं तर विचारूच नका. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कौन्सिलात विधेयक आणलं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं जाणारा कायदा यायला 1958 उजाडलं. वतन म्हणजे पगाराच्या बदल्यात तुकडाभर जमीन आणि दारोदारची भाकरी. लोकांना त्यातून सुटायचं होतं ते उगाच नाही.

रेवातटी ताईंनी "नको म्हणता येत नाही" लिहिलंय ना, तेच. त्यांना साडेचार महिने आलं नाही म्हणता. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या.

---

धामकाठ :

बलुत्याबद्दल पटलं. पण पैसा टाळण्याच्या सगळ्याच वाटा एका पोत्यात नका भरू. आमच्या वर्ध्याजवळ पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी 1950 मध्ये कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशाशिवाय जगण्याचा, प्रयोग सुरू केला होता. तिथे कुणाच्या दारी जायचं नव्हतं. आपलं धान्य-भाजी आपण पिकवायची, आपलं सूत आपण कातायचं. शेतीत बैलही नाहीत, त्याला ऋषिशेती म्हणायचे. विहीर आश्रमातल्यांनीच खणली. विनोबांची तब्येत तोळामासा, तरी ते कुदळ धरायचे. भाकरी घामाची असली की मान वाकत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

गंमत म्हणजे प्रयोग पुरता मुरायच्या आत, मार्च 1951 मध्ये, ते पायी तेलंगणाकडे निघाले. 18 एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाची पहिली 100 एकर जमीन मिळाली आणि मग वर्षानुवर्षं फिरतीच. प्रयोगापेक्षा मागणंच मोठं झालं म्हणायचं का? यावर आमच्या घरी दर दिवाळीला वाद होतो, इथे नको.

---

डबलटिक्कड :

काका, यूपीआय काढलंत तरी नंबर तोच ठेवू नका. कुणीतरी दया येऊन पैसे पाठवेल आणि तुमचा संकल्प मोडेल, हा धोका आहे 😄

---

माणदेशी_58 :

सगळ्यांचे आभार. खुर्चीवाले, तुमचं उत्तर वाचून रात्री झोप लागली नाही. आमच्याही खळ्यावर लोक यायचे. मी लहान होतो, सूप माझ्या हातात असायचं. किती घालायचं ते आजोबा डोळ्यांनी खुणावायचे. पलीकडे उभ्या माणसाच्या चेहऱ्याकडे मी कधी बघितलं होतं का, ते आठवत बसलो. आठवलं नाही.

रेवातटी ताई, कॅशियरची शंका : पाचशेची नोट शेकडो किलोमीटर घामात भिजूनही नावाड्याने घेतली? आमच्याकडे अशी आली असती तर मी दोनदा उजेडात धरली असती.

मुलाला तुमचं सगळं वाचून दाखवलं. तो जात्यापाशी थांबला. म्हणाला, "तुम्हाला येतं का दळायला?" येत नाही. आईचं जातं माळ्यावर होतं, काल दोघांनी मिळून खाली उतरवलं. तळी बरी आहे, खुंटा मात्र सैल झालाय, फिरवलं की हातात येतो. गल्लीतल्या सुताराकडे नेलं. तो म्हणाला, बाभळीचा नवा बसवतो, साठ रुपये होतील.