थायलंड: रणगाडे बराकीत, मग पंतप्रधान कोण ठरवतं?

बोरूबहाद्दर: एप्रिलात थायलंडमधली एकवीस वर्षांची पोरं पेटीत हात घालून चिठ्ठी काढतात. काळी आली तर घरी, लाल आली तर सैन्यात. ही सक्ती बंद करू म्हणणारा मूव्ह फॉरवर्ड पक्ष २०२३ मध्ये ५०० पैकी १५१ जागा घेऊन पहिला आला. तरी त्याचे नेते पिटा लिमजारोनराट पंतप्रधान झाले नाहीत. दोन्ही सभागृहांत मिळून ३७५ मतं हवी होती, मिळाली ३२४. लष्करी राजवटीने नेमलेल्या सिनेटमधून, म्हणजे वरच्या सभागृहातून, फक्त १३ मतं! २०१४ चा लष्करी उठाव संपलेलाच नाही, तो २०१७ च्या राज्यघटनेत जाऊन बसलाय.

तिरकस: अर्धीच गोष्ट सांगितलीत. पिटांचा मित्रपक्ष फ्यू थाई कुठे गेला? २२ ऑगस्ट २०२३ ला सकाळी परदेशात राहिलेले माजी पंतप्रधान थाकसिन विमानातून उतरले आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या पक्षाचे स्रेथा पंतप्रधान! तेही कुणाच्या टेकूवर, तर २०१४ मध्ये याच पक्षाचं सरकार उलथवणाऱ्या सेनापतींच्या पक्षांच्या. बंदूक कुणी रोखली नव्हती हो, आपल्या पायांनी चालत पंगतीला जाऊन बसले.

बोरूबहाद्दर: बसले, लाज सोडून बसले. पण वाढपी कोण होता? वर्षभरात घटना न्यायालयाने स्रेथांनाही घरी पाठवलं आणि मूव्ह फॉरवर्ड पक्षच बरखास्त केला.

माजघरातून: मी चार वर्षं थायलंडात चोनबुरीला होते, म्हणून लिहिते. तिथे लोक सरसकट लष्कराच्या विरोधात आहेत असं इथे बसून वाटतं, तसं नाही. २०२५ मध्ये कंबोडियाशी सीमेवर तणाव असताना स्रेथांनंतर पंतप्रधान झालेल्या थाकसिनकन्या पेतोंगतार्न यांनी कंबोडियाचे नेते हुन सेन यांना फोन केला, त्यांना काका म्हणाल्या आणि आपल्याच सेनाधिकाऱ्याला विरोधी गोटातला ठरवलं. ते संभाषण बाहेर फुटलं. जुलैत तर लढाईच जुंपली. माझ्या तिथल्या मैत्रिणीने, जी लष्कराला एरवी शिव्या घालते, त्या आठवड्यात सैनिकांसाठी डबे भरले.

बोरूबहाद्दर: राग रास्तच. पण त्या फोनची शिक्षा मतदारांनी द्यायची की घटना न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी? त्यांच्या नेमणुकीला सिनेटची संमती लागते, हे विसरू नका. ऑगस्टमध्ये त्यांनीच बाईंना काढलं.

तिरकस: शिक्षेचं मान्य. पण ‘काका’ म्हणायला सिनेटने सांगितलं नव्हतं.