ताईची फिर्याद: जुनी मारहाण आणि नवीन कलमं, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे. ताई विड्या वळते, दाजी टॉवेलच्या कारखान्यात आहेत. लग्न २०१९ चं, मारहाण २०२२ पासून. माहेरहून पैसे आण म्हणून सुरू झालं. आम्ही दोनदा बैठक बसवून ताईला परत पाठवलं, ते आता मनाला खातंय.

गेल्या आठवड्यात तिचा हात चौकटीत असताना दाजींनी दार आपटलं. एक्स-रेमध्ये उजव्या हाताच्या एका बोटाचं हाड मोडलेलं आलं. मजुरी बंद आहे. तरी सूप मांडीवर घेऊन बसते, डाव्या हातानं पान गुंडाळून बघते. दोरा बांधायच्या आत विडी सुटते.

ठाण्यात "घरचं प्रकरण आहे, आधी समुपदेशन करा" म्हणाले. अर्जाची पोच मिळाली, गुन्हा नोंदला नाही. हाड मोडणं म्हणजे कायद्यानं गंभीर दुखापत, भारतीय न्याय संहितेचं कलम ११७, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. मग समुपदेशनासाठी एफआयआर अडवून ठेवता येतो का?

दुसरं. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेतल्या ४९८अ (सासरी होणाऱ्या छळाचं कलम) च्या जागी न्याय संहितेचं कलम ८५ आलं. त्याआधीचा छळ जुन्या कलमात आणि नंतरचा नव्यात, असं एकाच फिर्यादीत लिहून घेतात का? की जुनं सोडून द्या म्हणतील? ताईला २०२२ पासूनचं सगळं सांगायचंय. कुणी अलीकडे अशी फिर्याद दिली असेल तर कशी लिहिली ते सांगा.

आणि मुख्य म्हणजे तिला घर सोडायचं नाही. सगळे म्हणतात माहेरी आणा. पण मुलाची शाळा तिथंच आहे, आणि तिनं का निघायचं? २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम १९ मध्ये राहत्या घराचा आदेश मिळतो, अर्ज पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असंही त्या कायद्यात आहे. प्रत्यक्षात आपल्याकडे किती तारखा पडतात? अर्ज संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत करावा की थेट कोर्टात? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तो आधी घ्यावा का?

एक्स-रे, केसपेपर आणि पोच जपून ठेवलेत. सोमवारी पुन्हा ठाण्यात जातोय, सोबत अजून काय न्यावं तेवढं त्याआधी सांगा.