शब्दचर्चा: 'किझु'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: जुन्या जपानी तलवारींच्या वर्णनात 'किझु' हा शब्द पावलोपावली येतो. कोशात त्याचे जखम, वण आणि दोष असे तिन्ही अर्थ आहेत. एक मित्र अशी तलवार घेण्याच्या विचारात आहे, त्याच्यासाठी मी विक्रेत्याचे वर्णन मराठीत करतो आहे. सगळीकडे 'दोष' लिहिले तर चालेल का?

उत्तर: नाही चालणार. जपानी जाणकार एकटा 'किझु' म्हणून थांबत नाही, कोणता किझु तेही सांगतो, आणि किंमत त्यावरच ठरते. आपल्याकडे त्यासाठी वेगवेगळे शब्द आहेत. घडवतानाच आत राहिलेली ती खोट, पुढे लागलेली ती इजा, इजेची खूण तो वण, आणि वापराने कमी झालेली ती झीज. हे शब्द वेगळे ठेवलेत तर मित्राला अर्धी पारख वाचतानाच होईल.

खोटेपासून सुरुवात करतो. पोलादाच्या घड्या घालून ठोकताना एखाद्या ठिकाणी सांधा नीट बसत नाही. तिथे पोकळी राहून पाते फुगते, त्याला 'फुकुरे' म्हणतात. मराठीत सरळ 'फोड' लिहा. पुढे पाते दगडावर घासताना तो फुटला की खळगा दिसू लागतो. घडीचा सांधा लांबट उकलला असेल तर तो 'कितएवारे', त्याला 'उकल' पुरेल. असे खळगे पोलादाचा तुकडा बसवून बुजवतात, ते 'उमेगाने'. याला माझ्या मते 'ठिगळ' हाच शब्द हवा. 'दुरुस्ती' म्हटले की वाचणाऱ्याला वाटते, काम निभावले. मुळात खोट होती, हे ठिगळ सांगते. जुन्या, मोठ्या घराण्याच्या पात्यावर एखादी लहान उकल लोक खपवून घेतात. नव्या पात्यावर तीच खटकते.

'हागिरे' मात्र वेगळ्या ओळीत, ठळक लिहा. धारेपासून वर, धारेला काटकोनात जाणारी केसासारखी बारीक चीर म्हणजे हागिरे. पाते वाकल्याने किंवा आघाताने ती पडते. धार हा पात्याचा सर्वांत कठीण आणि म्हणून ठिसूळ भाग, त्यामुळे चीर तिथे असेल तर पाते मोडण्याचा धोका असतो. घासून ती जात नाही. दिव्यासमोर पाते हळूहळू तिरके फिरवल्याशिवाय ती दिसतही नाही. इथे 'दोष' लिहिणे म्हणजे खरेदीदाराला अंधारात ठेवणे. 'धारेतली चीर' लिहा. धारेचा कपचा उडालेला असेल तर ते 'हाकोबोरे', म्हणजे 'टवका'. बेताचा टवका घासून काढता येतो.

प्रश्न: मग 'किरिकोमी'? तीही इजाच ना?

उत्तर: इजा खरी, पण इथे 'वण' हाच शब्द शोभतो. समोरच्या तलवारीचा वार पात्याच्या पाठीवर झेलला की खाच पडते. ती मुद्दाम घासून काढत नाहीत, उलट मानाने जपतात. तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात मासामुने या नामवंत लोहाराचे एक पाते आहे. ते इशिदा मित्सुनारी या सरदाराकडे होते, म्हणून 'इशिदा मासामुने', आणि अशाच खाचांवरून 'किरिकोमी मासामुने'. वण तिथे नावात जाऊन बसला आहे.

आणखी एकाची भर: 'साइहा'ला काय म्हणाल? मी 'पुन्हा पाणी दिलेले' असे लिहितो. तलवारीला पाणी देणे हा आपला जुना वाक्प्रयोग आहे, आणि जपानी पात्यावरची 'हामोन' ही नक्षीही माती लावून पाण्यात विझवल्यानेच उमटते. आगीत सापडलेले पाते मऊ पडते, नक्षी पुसते, मग पुन्हा पाणी द्यावे लागते. 1615 मध्ये ओसाकाचा किल्ला पडला, तेव्हा जळलेल्या नामवंत पात्यांना जपानचा सत्ताधीश तोकुगावा इएयासू याच्यासाठी यासुत्सुगु या लोहाराने असे पाणी दिले. त्यांतले 'इचिगो हितोफुरी' जपानच्या राजघराण्याच्या संग्रहात गेले. पण साध्या पात्याची किंमत साइहाने फार उतरते, कारण नक्षी मूळ लोहाराची राहत नाही.

उत्तर: 'पुन्हा पाणी दिलेले' छान आहे, घ्याच. 'त्सुकारे'ला 'झिजलेले' म्हणा. वारंवार घासून वरचे चांगले पोलाद सरते आणि आतले मऊ पोलाद उघडे पडते. 'सुरिआगे'ला मात्र खोटही म्हणू नका आणि इजाही. लांब पाते बुडाकडून कापून आखूड केलेले, एवढेच. जुन्या उत्तम पात्यांत हे सर्रास आढळते. फार कापले असेल तर बुडावरची लोहाराची सही जाते. सही असेल आणि ती खोटी निघाली तर 'गिमेई', म्हणजे 'बनावट सही'.

'गंज' हा शब्दही जपून वापरा. पात्यावरचा गंज वाईटच. पण मुठीत लपणाऱ्या बुडावरचा, म्हणजे 'नाकागो'वरचा काळपट गंज वय ठरवायला कामी येतो. तो घासून काढला तर तलवारीची किंमत पडते. म्हणून तिथे 'जुना थर' लिहा आणि शेजारी 'साफ करू नये' हेही लिहा.