चंगाई सभा आणि ‘तुझा विश्वास कमी पडला’

वसईचा कुपारी

एका चंगाई सभेचा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभेचा, व्हिडिओ फिरतोय, तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही असेल. व्हीलचेअरवरच्या मुलीवर हात ठेवून प्रार्थना झाली. ती उठली नाही. मग माइकवरून तिच्या आईला सांगण्यात आलं, “बहिणी, विश्वास वाढव.” खाली दोनशे जणांनी ‘आमेन’ लिहिलंय. हे शुभवर्तमानात (मत्तय, मार्क, लूक, योहान या येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांत) बसतं का, एवढंच मला विचारायचंय.

माझं मत सांगतो. लूकच्या ७व्या अध्यायातला कफर्णहूम गावचा शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा अधिकारी, घ्या. त्याचा चाकर मरणाला टेकलाय. गावातले यहुदी वडीलजन येशूकडे त्याची शिफारस घेऊन येतात: माणूस लायक आहे, आपल्या लोकांवर प्रेम करतो, सभास्थान त्यानेच बांधून दिलं. आपल्याकडे आमदाराकडे न्यायच्या पत्रात असतं तसंच. पण तो स्वतः मित्रांकरवी निरोप पाठवतो: आपण माझ्या छपराखाली यावं अशी माझी योग्यता नाही, शब्द मात्र बोला. लोक लायक म्हणतात, तो नाही म्हणतो, आणि येशूला आश्चर्य वाटतं ते त्याच्या या बोलण्याचं. मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या आधी आपण रोज म्हणतो ते याचेच शब्द.

आता यात आजारी कोण आहे बघा. चाकर. त्याच्या विश्वासाबद्दल एक अक्षर नाही. भूत लागलेल्या मुलीसाठी येशूकडे आलेल्या कनानी बाईच्या मुलीचं तेच. ‘एवढा मोठा विश्वास’ असं कौतुक या दोघांच्याच वाट्याला आलं. दोघं परके, दोघं दुसऱ्यासाठी मागतात, आणि दोन्ही आजारी दूर घरी पडलेले. मार्कच्या २ऱ्या अध्यायात चौघं जण छप्पर उसकटून पक्षाघाती माणसाला येशूपुढे खाली सोडतात, तिथेही ‘त्यांचा विश्वास पाहून’ असं लिहिलंय. बेथेस्दा तळ्याकाठी ३८ वर्षं आजारी असलेल्याला तर आपल्याला बरं कुणी केलं हेच ठाऊक नव्हतं. मग त्या मुलीच्या विश्वासाची मापं काढायचा अधिकार कुणी दिला?

हल्लेलुया पुणे

दादा, व्हिडिओतल्या सेवकाचं (प्रार्थना करणाऱ्या पास्टरचं) बोलणं मलाही खटकलं. पण तुम्ही सोयीची वचनं तेवढी उचललीत. १२ वर्षं रक्तस्राव होणाऱ्या स्त्रीला प्रभू काय म्हणाला? मुली, तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं आहे. मत्तय ९ मध्ये दोन आंधळ्यांना आधी विचारलं, मी हे करू शकतो असा तुमचा विश्वास आहे काय? आणि मग, तुमच्या विश्वासाप्रमाणे तुम्हाला प्राप्त होवो. आणि येशूचं स्वतःचं गाव नासरेथ? तिथे त्याला पराक्रमाचं कृत्य करता येईना, त्यांच्या अविश्वासाचं त्याला आश्चर्य वाटलं, असं मार्क ६ सांगतो. याकोबाच्या पत्रात ५व्या अध्यायात आजाऱ्याला तेल लावून विश्वासाने प्रार्थना करा असं स्पष्ट आहे.

‘आमची योग्यता नाही’ म्हणत काहीच मागायचं नाही, याला मी नम्रता म्हणत नाही. मोठ्या चर्चमध्ये पिढ्यान् पिढ्या हेच चाललंय. आजारी माणूस पडून राहतो आणि आपण मेणबत्ती लावून घरी.

चिकित्सक

मी श्रद्धावान नाही, तरी विषय आवडीचा आहे म्हणून लिहितो. तुम्ही दोघं घटना घडली हे धरूनच भांडताय. ग्रीसमध्ये एपिडॉरसला अस्क्लेपियस या आरोग्यदेवाच्या देवळातले इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातले शिलालेख आहेत, बऱ्या झालेल्यांचे. त्यात अथेन्सची एका डोळ्याने आंधळी अँब्रोसिया आहे. ती लंगडे-आंधळे बरे झाल्याच्या गोष्टींना हसते, तरी देव तिला बरं करतो. फी म्हणून तिच्या अडाणीपणाची आठवण राहावी यासाठी चांदीचं डुक्कर वाहायला सांगतो! सम्राट व्हेस्पासियनने अलेक्झांड्रियात आंधळ्याच्या डोळ्यांना थुंकी लावून दृष्टी दिली असं रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. मार्कच्या ८व्या अध्यायात बेथसैदाला येशूही थुंकीच वापरतो. तेव्हा अशा गोष्टी त्या काळी चारही दिशांना होत्या. तुमची तेवढी खरी, हे कशावरून?

आणि नम्रतेचं म्हणाल तर शताधिपती नम्र कुठला? ‘मी एकाला जा म्हटलं की तो जातो, दुसऱ्याला ये म्हटलं की येतो’ ही हुकमाचीच भाषा. ताबेदारीचा माणूस वरच्यापुढे वाकतो, त्यात नवल काय.

मार्थेची बहीण

चिकित्सक, हुकमाबद्दलचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे, पण ते अर्ध्यावर सोडलंत. कफर्णहूम हेरोद अंतिपाच्या मुलखात होतं, तेव्हा तो बहुधा हेरोदाच्या पदरचा असावा. काही असलं तरी अधिकारी. असा माणूस गावातल्या सुताराच्या मुलाला ‘तुम्ही हुकूम सोडा’ म्हणतो. हे वरच्यापुढे वाकणं नव्हे. पलटणीतल्या लोकांनी त्याला काय म्हटलं असेल?

पण माझं भांडण धागाकर्त्याशी आहे. तुमच्या धाग्यात नम्रता फारच गुळगुळीत झाली. त्या सुरफुनीकी बाईला (मत्तय तिला कनानी म्हणतो) येशू जे म्हणतो ते ऐकायला आजही जड जातं: मुलांची भाकर घेऊन घरच्या कुत्र्यांना टाकणं ठीक नाही. मत्तयमध्ये तर त्याआधी तो तिला उत्तरसुद्धा देत नाही, आणि शिष्य म्हणतात हिला घालवा, मागे ओरडत येतेय. ती रडत परत गेली असती तर आपण तिलाही ‘सोशिक’ म्हणून मोकळे झालो असतो. ती तिथेच थांबून उत्तर देते. कुत्री का होईना, मेजाखाली चुरा त्यांनाही मिळतोच. आणि मार्कमध्ये येशू तिला काय म्हणतो? तुझ्या या बोलण्यामुळे जा, भूत तुझ्या मुलीतून निघालं. ती त्याच्याशी वाद घालून मुलगी सोडवून घेऊन जाते! यरीहोच्या आंधळ्या बार्तिमयाला लोक गप्प बस म्हणतात, तो आणखी मोठ्याने ओरडतो. गप्प बसणारी माणसं या गोष्टींत मला फारशी भेटत नाहीत.

नम्र कोण म्हणाल तर मी याईर म्हणेन, आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. सभास्थानाचा अधिकारी. १२ वर्षांची मुलगी शेवटच्या घटका मोजतेय, येशू निघालाय, आणि वाटेत ही रक्तस्रावाची बाई वस्त्राला शिवते. नियमाप्रमाणे अशुद्ध, वैद्यांपायी सगळा पैसा घालवून बसलेली. (वैद्यांनी तिचे हाल केले हे मार्क सरळ लिहितो, लूक ते वाक्य सौम्य करतो. परंपरेने लूक वैद्य, हे विसरू नका.) येशू गर्दीत थांबतो. मला कोण शिवलं? ती पुढे येते, सगळी हकिगत सांगते. याईर उभा आहे. तेवढ्यात घरून माणसं येतात: मुलगी गेली, आता गुरुजींना त्रास कशाला? ‘या बाईपायी माझी पोर गेली’ असं तो म्हणू शकला असता. मार्कने इथे त्याच्या तोंडी एक शब्द घातलेला नाही. मुलगी पुढे उठते, पण तोवरचा त्याचा रस्ता डोळ्यापुढे आणा.

रात्रपाळी

वाद छान चाललाय. मी वॉर्डात काम करते म्हणून जमिनीवरचं सांगते. पन्नाशीची बाई, साखरेची पेशंट, पायाला जखम. सभेत तेल लावून आली आणि इन्सुलिन बंद केलं. “घेतलं तर विश्वास नाही असं होईल ना, सिस्टर?” उशाशी अभिषेकाच्या तेलाची बाटली. जखमेला वास यायला लागला तेव्हा तिला आणलं, आणि अंगठा काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला प्रश्न दुखण्याबद्दल नव्हता. “माझं काय चुकलं?” असं तिने विचारलं. हल्लेलुया भाऊ, याचं उत्तर द्या. मीही प्रार्थना करते, प्रत्येक पेशंटसाठी, सलाइन लावताना.

हल्लेलुया पुणे

ताई, औषध बंद करा असं आमच्या मंडळीत कधीच सांगत नाहीत. प्रेषित पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असंच लिहिलं होतं. त्या बहिणीला ज्याने तसं सांगितलं असेल त्याचा न्याय प्रभू करील. पण माझा प्रश्न तसाच उरतो. दवाखान्यात कुणी आजारी पडलं की आमचे लोक आळीपाळीने रात्रभर गुडघ्यावर असतात. कुपारी दादा, तुमच्याकडे असं होतं का?

चिकित्सक

गुडघ्यावर बसा, नाहीतर डोक्यावर उभे राहा, हरकत नाही. चमत्काराचा दावा करून पैसा कमावणं महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तो सगळ्या धर्मांच्या बुवांना सारखाच लागू आहे, एवढं लक्षात असू द्या.

वसईचा कुपारी

चिकित्सक, मंजूर. ‘आमची तेवढी खरी’ हे सिद्ध करायला मी धागा काढलाच नव्हता.

हल्लेलुया भाऊ, नाही, तसं फारसं होत नाही, आणि ते तुमच्याकडून शिकायला हवं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६०च्या दशकातली कॅथलिक बिशपांची सभा) आमच्या चर्चने तेलाच्या संस्काराला ‘रुग्णांचा अभ्यंग’ केलं, तो केवळ मरणाऱ्यांसाठी नाही असं सांगितलं. तरी आजही फादर तेल घेऊन दारात आले की घरातली म्हातारी रडायला लागते, आता काही खरं नाही म्हणून.

पण तुमच्या सभेत माइक कुणाला मिळतो तेही सांगा. पौलाने शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, ‘माझी कृपा तुला पुरे’ एवढंच उत्तर आलं. आपला सोबती त्रफिम याला त्याने मिलेत शहरात आजारीच ठेवलं. या दोघांना साक्ष द्यायला स्टेजवर कुणी बोलावेल का?

नासरेथचं राहिलंच. तिथे अविश्वास कुणाचा होता? वाक्य पुढे वाचा: थोड्याशा रोग्यांवर हात ठेवून त्याने त्यांना बरं केलं, याव्यतिरिक्त काही नाही. म्हणजे आजारी होते ते तिथेही बरे झाले. अडखळले ते धडधाकट गावकरी. हा सुतारच ना, मरीयेचा मुलगा, याच्या बहिणी इथेच राहतात, याला काय विचारायचं! ते वचन व्हीलचेअरवरच्या मुलीच्या आईला लावू नका. लावायचंच असेल तर तिच्याभोवती व्हिडिओ काढत उभे असलेल्यांना लावा.

मार्थेची बहीण, याईरचं पटलं. बार्तिमयाबद्दल मात्र माझं म्हणणं वेगळं आहे, त्याला वेगळा धागा काढतो.