शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाला कामावर घेताना देखरेख कोणाची असते?

प्रश्न: वागळे इस्टेटमधील एक लघुउद्योजक, ठाणे

नमस्कार. आमच्या फर्निचरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका काकांचा मुलगा सात वर्षांची शिक्षा भोगून पुढच्या महिन्यात नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहातून सुटत आहे. तो आत सुतारकाम शिकला. संचित रजेवर (फर्लोवर, म्हणजे शिक्षेच्या काळात मिळणाऱ्या सुट्टीवर) आला असताना त्याचे काम मी पाहिले आणि त्याला घ्यायचे ठरवले. माझ्या भागीदारांचा विरोध नाही, मात्र रजेच्या काळात तो जशी पोलीस ठाण्यात हजेरी देत असे, तशी सुटकेनंतरही द्यावी आणि तिची नोंद आपण ठेवावी, असे त्यांचे म्हणणे आहे. अशा माणसावर सरकारतर्फे कोणी अधिकारी नेमलेला असतो का?

उत्तर १: निवृत्त परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी, ठाणे

सहसा नसतो. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली न्यायालय दोषी व्यक्तीला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, सोडू शकते आणि तेव्हा आमच्यासारखा अधिकारी तिच्यावर देखरेख ठेवतो, काम मिळवून देण्याचा प्रयत्न करतो व न्यायालयाला अहवाल देतो. ही व्यवस्था तुरुंगाऐवजीची आहे. ज्याला सात वर्षांनंतर हाताला धरून चालवण्याची अधिक गरज, त्याच्यासाठी मात्र दाराबाहेर कोणी उभे नसते, याची खंत मला नोकरीभर वाटत आली. तुरुंग सुधारणांसाठीच्या न्यायमूर्ती मुल्ला समितीने १९८३ मध्येच सुटकेनंतरच्या अनुरक्षणावर, म्हणजे सुटलेल्याला आधार देण्यावर, भर दिला होता.

एक अपवाद लक्षात घ्यावा. शासनाने अटी घालून शिक्षा माफ केली असेल, तर त्या अटी बंधनकारक असतात आणि त्या मोडल्यास उरलेली शिक्षा भोगावी लागू शकते. म्हणून सुटकेचा आदेश आधी वाचावा. मदतीसाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करावी. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्पही १९९० पासून याच क्षेत्रात काम करत आहे.

उत्तर २: वकील, बेलापूर

हजेरीबाबत स्पष्ट सांगतो. रजेवरील हजेरी ही रजेची अट होती. शिक्षा संपली की ती संपते. काही गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याला पत्ता कळवत राहण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते, परंतु तो न्यायालयाचा अधिकार आहे, मालकाचा किंवा भागीदाराचा नव्हे. पोलिसांनी रात्री-अपरात्री घरी येऊन पाळत ठेवणे सर्वोच्च न्यायालयाने खडकसिंग खटल्यात १९६२ मध्येच घटनाबाह्य ठरवले आहे.

खरी अडचण चारित्र्य पडताळणीत येईल. परिवीक्षेवर सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही, अशी तरतूद १९५८ च्या कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे. हा मुलगा शिक्षा भोगून आल्याने त्याला ते संरक्षण नाही. आपले ग्राहक कारागिरांचे पडताळणी प्रमाणपत्र मागत असतील, तर त्याला आरंभी कारखान्यातच ठेवावे, जागेवर जोडणीसाठी पाठवू नये.

उत्तर ३: ऐरोलीतील एक बहीण

माझा धाकटा भाऊ पाच वर्षांनी परत आला. तुरुंगात संध्याकाळी बराकी बंद होण्यापूर्वी जेवण मिळत असल्याने तो कित्येक महिने संध्याकाळी सहालाच जेवून घेत असे आणि रात्री जागा राहत असे. रेशनकार्डातून नाव गेले होते, बँक खाते बंद पडले होते, आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक दुसऱ्याच कोणाचा झाला होता. या फेऱ्यांसाठी एका ठेकेदाराने सुट्टी दिली नाही व महिन्याभरात काढून टाकले. दुसऱ्या मालकांनी पहिले तीन महिने दर शनिवारी पगार दिला, कारण महिनाभर थांबण्याइतके पैसे त्याच्याकडे नव्हतेच, आणि रात्री अस्वस्थ वाटल्यास फोन करायला स्वतःचा क्रमांक दिला. तेवढ्यावर तो टिकला. दादा, आपल्याला नोंद ठेवायचीच असेल, तर त्याची कोणती कागदपत्रे अडली आहेत याची ठेवावी.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भागीदारांना ही उत्तरे वाचून दाखवली. हजेरीचा विषय त्यांनी सोडला आहे. सुटकेच्या दिवशी काकांसोबत मीच गाडी घेऊन नाशिकरोडला जाईन आणि आदेशाची प्रत तेथेच वाचेन. पगार आठवड्याला देऊ. एवढेच विचारायचे राहिले: इतर कारागिरांना आधी मी सांगावे, की सांगायचे की नाही हे त्याच्यावर सोडावे?

ऐरोलीतील एक बहीण

त्याला विचारावे. माझ्या भावाला हे कोणीच विचारले नव्हते.